बोअर वाढवावा की स्ट्रोक? वेगवान गाडीच्या इंजिनाच्या भूमितीविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील एका तरुणाकडे १६ व्हॉल्व्हची, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाची जुनी मारुती एस्टीम आहे. इंजिन १.३ लिटरचे, म्हणजे ७४ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५.५ मिमी स्ट्रोक (पिस्टन वरून खाली जितका सरकतो ते अंतर) असलेले चार सिलिंडरचे आहे. ही गाडी त्यांना कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर चालवण्यासाठी तयार करायची आहे. लाँग स्ट्रोकने टॉर्क (क्रँक फिरवणारा पीळ) मिळतो आणि मोठ्या बोअरने पॉवर मिळते हे खरे का, रेसिंगची इंजिने मोठ्या बोअरची असताना नव्या मोटारींची इंजिने लाँग स्ट्रोकची का होत चालली आहेत, आणि आपल्या इंजिनात नेमके काय वाढवावे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी थोडक्यात उत्तर देतो. लाँग स्ट्रोकने टॉर्क मिळतो हे विधान जसे बोलले जाते तसे खरे नाही. टॉर्क ठरतो तो इंजिन किती सीसीचे आहे आणि प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर किती चांगला भरतो यावर. मोठ्या बोअरने पॉवर मिळते हे मात्र बऱ्याच अंशी खरे आहे, कारण सगळ्या पिस्टनांच्या डोक्यांचे मिळून जे क्षेत्रफळ होते, त्यावर पॉवरची कमाल मर्यादा ठरते. तुमच्या एस्टीममध्ये दोन्हींपैकी एकच वाढवायचे असेल तर बोअर वाढवावा, आणि तोही हेडचे (सिलिंडरवर बसणाऱ्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचे) काम झाल्यावर. आता याची कारणे सविस्तर पाहू.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग (सिलिंडरची भिंत घासून अचूक मापाला आणणे) आणि क्रँक ग्राइंडिंगच्या कामात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाने लाँग स्ट्रोक आणि टॉर्क यांचे समीकरण असंख्य वेळा ऐकलेले आहे. त्यामागचा युक्तिवादही ठरलेला असतो: पाना लांब असला की नट सहज सुटतो, तसा क्रँकचा थ्रो (त्याच्या मध्यापासून रॉडच्या पिनपर्यंतचे अंतर, म्हणजे निम्मा स्ट्रोक) लांब असला की टॉर्क वाढतो. यातील पहिला भाग बरोबर आहे, कारण थ्रो वाढला की तरफ वाढते हे नाकारता येत नाही. परंतु तितक्याच सीसीमध्ये स्ट्रोक वाढवायचा असेल तर बोअर कमी करावा लागतो, बोअर कमी झाला की पिस्टनचे क्षेत्रफळ घटते, आणि तेवढ्याच दाबाने पिस्टनवर पडणारा जोर नेमका त्याच प्रमाणात कमी होतो. पाना लांब झाला, पण तो ओढणारा हात तेवढाच अशक्त झाला. दाब गुणिले क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक म्हणजे एका सिलिंडरने एका चक्रात केलेले काम. आणि क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक म्हणजेच सीसी. त्यामुळे सरासरी दाब तोच असेल तर टॉर्क फक्त सीसीवर अवलंबून राहतो आणि बोअर-स्ट्रोकचे प्रमाण हिशेबातून पूर्णपणे निघून जाते.

हे कागदावरचे गणित वाटत असेल तर रस्त्यावरच्या दोन परिचित गाड्या घ्या. रॉयल एनफिल्डचे यूसीई प्रकारचे (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेले) ३५० चे इंजिन ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचे, ३४६ सीसीचे होते आणि त्याचा कमाल टॉर्क ४,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) २८ न्यूटन-मीटर होता. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचे ३७३ सीसीचे इंजिन ८९ मिमी बोअर आणि अवघ्या ६० मिमी स्ट्रोकचे होते. त्याचा कमाल टॉर्क ७,००० आरपीएमला ३७ न्यूटन-मीटर होता. सीसीमागे हिशेब केला तर लाँग स्ट्रोकचे बुलेट इंजिन शंभर सीसीला सुमारे ८.१ न्यूटन-मीटर देते आणि शॉर्ट स्ट्रोकचे केटीएम सुमारे ९.९. स्ट्रोक दोन तृतीयांश असूनही टॉर्क जास्त आहे, कारण तिथे चार व्हॉल्व्ह आहेत, पाण्याचे कूलिंग आहे, कॉम्प्रेशन जास्त आहे आणि सिलिंडर अधिक चांगला भरतो.

मग बुलेट खालच्या फेऱ्यांत इतकी जोमदार का वाटते? कारण तिचा टॉर्क ४,००० वर उपलब्ध आहे आणि केटीएमचा ७,००० वर. हा फरक थ्रोच्या लांबीने पडलेला नाही. तो कॅमच्या टायमिंगने, इनटेक पोर्टच्या आकाराने, लहान व्हॉल्व्हांनी आणि जड फ्लायव्हीलने पडलेला आहे. लाँग स्ट्रोकच्या इंजिनाला उच्च आरपीएम मुळातच परवडत नाही, म्हणून त्याचा रचनाकार बाकीच्या सगळ्या गोष्टी खालच्या फेऱ्यांसाठी जुळवतो. गगनबावड्याच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढते ती या सगळ्या जुळवणीमुळे, आणि श्रेय मात्र एकट्या स्ट्रोकला मिळते.

आता उच्च आरपीएम परवडत नाही म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे, कारण सगळ्या विषयाचे मूळ तिथे आहे. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. म्हणून पिस्टनचा सरासरी वेग काढण्यासाठी स्ट्रोक मीटरमध्ये घेऊन त्याला दोनने आणि आरपीएमने गुणावे आणि साठने भागावे. पंचगंगेच्या काठावर ज्या लिस्टर पद्धतीच्या ऑइल इंजिनांनी वर्षानुवर्षे उसाला पाणी दिले, त्यांचा बोअर ११४.३ मिमी आणि स्ट्रोक १३९.७ मिमी, ६५० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला केवळ ३ मीटर. ती इंजिने पिढ्यान्‌पिढ्या टिकली यात नवल नाही. वर सांगितलेले बुलेट इंजिन कमाल पॉवरच्या ५,२५० आरपीएमला सुमारे १५.८ मीटरवर येते आणि केटीएम ९,००० ला १८ मीटरवर. ट्रॅकसाठी प्रसिद्ध असलेल्या रस्त्यावरच्या गाड्या घेतल्या तर हा आकडा २४ ते २५ पर्यंत जातो: बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम३ मधील ८७ बाय ९१ चे सहा सिलिंडरचे इंजिन ८,००० ला सुमारे २४.३, होंडा इंटेग्रा टाइप आरचे ८१ बाय ८७.२ चे इंजिन ८,४०० ला २४.४, फेरारी ४५८ चे ९४ बाय ८१ चे व्ही८ इंजिन ९,००० ला २४.३. या तीन इंजिनांच्या रचना एकमेकांहून अगदी वेगळ्या आहेत, तरी तिन्ही जवळजवळ एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

फॉर्म्युला वनमध्ये २००६ पासून आलेल्या २.४ लिटरच्या व्ही८ इंजिनांना नियमाने ९८ मिमीपेक्षा मोठा बोअर करता येत नव्हता. या मर्यादेइतका बोअर घेतला तर स्ट्रोक चाळीस मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी, ३९.८ च्या आसपास येतो. २००९ पासून लागू झालेल्या १८,००० आरपीएमच्या मर्यादेवरही त्या पिस्टनचा सरासरी वेग सुमारे २४ मीटरच होता. आरपीएम दुप्पट झाले, पण वेग तोच राहिला, कारण स्ट्रोक निम्मा केला होता.

इथे एक बारकावा आहे आणि तो बरेच जण विसरतात. पिस्टन आणि रॉड तुटतात ते वेगामुळे नव्हे, प्रवेगामुळे. आणि सर्वांत जास्त प्रवेग टॉप डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन अगदी वर पोहोचतो तिथे असतो. तो काढताना थ्रोला कोनीय वेगाच्या वर्गाने गुणावे लागते आणि त्यात रॉडच्या लांबीमुळे येणारी वाढ धरावी लागते. होंडा एस२००० मधील ८४ मिमी स्ट्रोकच्या आणि १५३ मिमी रॉडच्या इंजिनासाठी ९,००० आरपीएमला हा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४,८०० पट येतो. हिशेबासाठी पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम वजन धरले तर रॉडला खेचणारा जोर जवळजवळ दोन टन होतो, आणि तो सेकंदाला दीडशे वेळा. सरासरी वेग तोच ठेवून स्ट्रोक कमी केला तर प्रवेग उलट वाढतो, म्हणूनच वर सांगितलेल्या व्ही८ मध्ये तो गुरुत्वाकर्षणाच्या ८,००० पटींहून अधिक होता. शॉर्ट स्ट्रोकचे इंजिन अधिक फेरे सहन करते ते आपोआप नव्हे. पिस्टनची उंची, पिन आणि रॉड हेही त्याच प्रमाणात लहान आणि हलके केले तरच करते. मोठ्या बोअरचा, जुन्या पद्धतीचा उंच आणि जड पिस्टन बसवून कोणी दहा हजार फेरे मागत असेल तर भूमिती त्याला वाचवणार नाही.

एस२००० चा उल्लेख झालाच आहे, तर त्याच गाडीतील एक बदल पाहण्यासारखा आहे, कारण प्रयोगशाळेत मुद्दाम करावा तसा तो प्रयोग आहे. सुरुवातीचे इंजिन ८७ बाय ८४, म्हणजे १,९९७ सीसीचे होते. पुढे होंडाने बोअर ८७ मिमीच ठेवून स्ट्रोक ९०.७ मिमी केला आणि २,१५७ सीसी मिळवले. अमेरिकेतील आवृत्तीत टॉर्क सुमारे २०७ वरून २२० न्यूटन-मीटर झाला. सीसी वाढल्यावर तो वाढणारच. पॉवर मात्र आधीही २४० हॉर्सपॉवर होती आणि नंतरही २४० च राहिली. फक्त ती ८,३०० ऐवजी ७,८०० आरपीएमला मिळू लागली. त्या दोन्ही बिंदूंवर पिस्टनचा सरासरी वेग काढला तर एकदा २३.२ आणि एकदा २३.६ येतो, म्हणजे व्यवहारात एकच. बोअर तोच असल्यामुळे पिस्टनचे क्षेत्रफळही तेच होते. क्षेत्रफळ तेच, वेग तोच, म्हणून पॉवर तीच.

फोरस्ट्रोक इंजिनाची पॉवर सरासरी दाब, पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ आणि पिस्टनचा सरासरी वेग यांच्या गुणाकाराच्या एक चतुर्थांश असते. या सूत्रात सीसी येत नाहीत, हे नीट पाहावे. दाबाला पेट्रोलच्या नॉकिंगमुळे (मिश्रण आपोआप पेटण्यामुळे) मर्यादा आहे, वेगाला धातूच्या ताकदीमुळे मर्यादा आहे. राहते ते क्षेत्रफळ. म्हणून ज्या स्पर्धेत सीसीवर बंधन असते, टर्बो चालत नाही आणि पॉवर हवी असते, तिथे बोअर मोठा आणि स्ट्रोक लहान करण्याकडे रचनाकार ओढला जातो. सिलिंडरांची संख्या वाढवणे हाही क्षेत्रफळ वाढवण्याचाच मार्ग आहे. १९६७ मध्ये आलेले फोर्ड-कॉसवर्थचे डीएफव्ही हे तीन लिटरचे व्ही८ इंजिन ८५.७ बाय ६४.८ मिमीचे होते, आणि त्याची चार व्हॉल्व्हची, अरुंद कोनाची हेडची मांडणी आजच्या साध्या मोटारींपर्यंत झिरपलेली आहे.

मोठ्या बोअरचा दुसरा फायदा श्वासाचा आहे, आणि माझ्या मते व्यवहारात तोच अधिक महत्त्वाचा ठरतो. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये इनटेक व्हॉल्व्हचा व्यास साधारणपणे बोअरच्या ३५ ते ४० टक्के बसवता येतो. बोअर वाढला की व्हॉल्व्ह मोठे करता येतात आणि शिवाय व्हॉल्व्हची कड सिलिंडरच्या भिंतीपासून दूर जाते, त्यामुळे हवेला चारही बाजूंनी आत शिरता येते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये चार्ल्स फेएट टेलर यांनी दाखवून दिले की इनटेक व्हॉल्व्हमधून जाणाऱ्या हवेचा सरासरी वेग ध्वनीच्या वेगाच्या साधारण निम्म्यापलीकडे गेला की सिलिंडर भरण्याची क्षमता झपाट्याने कोसळते. पिस्टन कितीही वेगाने खाली ओढा, हवा त्यापेक्षा जास्त येत नाही. म्हणजे एका विशिष्ट आरपीएमनंतर पॉवर पडते ती बहुतेक वेळा रॉड कमजोर असल्यामुळे नव्हे, तर व्हॉल्व्ह अपुरे पडल्यामुळे पडते. तुमच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच दडलेले आहे. त्याकडे नंतर येतो.

इतके फायदे असतील तर सगळीच इंजिने मोठ्या बोअरची का नाहीत? कारण किंमत मोजावी लागते, आणि ती मुख्यतः ज्वलनकक्षात मोजावी लागते. पिस्टन वर असताना उरणाऱ्या जागेची सरासरी उंची काढणे सोपे आहे: स्ट्रोकला कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) वजा एक या संख्येने भागावे. रेशो १२ धरला तर ९२.८ मिमी स्ट्रोकला ही उंची ८.४ मिमी येते, ६० मिमीला साडेपाच मिमीच्या आत येते आणि ३९.८ मिमीला अवघी ३.६ मिमी. म्हणजे मोठ्या बोअरचा आणि लहान स्ट्रोकचा ज्वलनकक्ष रुंद आणि चपटा होतो. त्यात व्हॉल्व्हसाठी पिस्टनवर खाचा पाडाव्या लागतात, त्यामुळे तो आणखी वेडावाकडा होतो. ठिणगी मध्ये पडते आणि ज्योतीला कडेपर्यंत लांबचा प्रवास करावा लागतो. तोवर कडेचे मिश्रण तापून आपोआप पेटण्याचा, म्हणजे नॉकिंगचा धोका वाढतो. आकारमानाच्या तुलनेत पृष्ठभाग जास्त असल्यामुळे उष्णता धातूत निघून जाते आणि ती पुन्हा क्रँकला मिळत नाही. पिस्टनच्या कडेच्या फटीत न जळलेले पेट्रोल अडकण्याचे प्रमाणही परिघाबरोबर वाढते. शर्यतीच्या गाडीला हे सगळे परवडते. मायलेज आणि प्रदूषणाचे नियम सांभाळणाऱ्या गाडीला परवडत नाही.

मारुती स्विफ्टमध्ये हे अगदी स्पष्ट दिसते. के मालिकेचे चार सिलिंडरचे इंजिन ७३ बाय ७१.५ मिमीचे, १,१९७ सीसीचे होते. २०२४ मध्ये आलेले झेड मालिकेचे तीन सिलिंडरचे इंजिन ७४ बाय ९२.८ मिमीचे आहे आणि तेही १,१९७ सीसीचेच आहे. पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १६७ चौरस सेंटिमीटरवरून १२९ वर आले, म्हणजे तेवीस टक्क्यांनी घटले. टॉर्क ११३ वरून ११२ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे होता तिथेच राहिला. स्ट्रोक जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढूनही तो वाढला नाही, हे टॉर्कविषयीच्या वरच्या मुद्द्याच्या संदर्भात लक्षात घ्यावे. पॉवर सुमारे ९० वरून ८२ पीएसवर आली. बदल्यात मॅन्युअल गिअरच्या गाडीचे कंपनीने जाहीर केलेले मायलेज २२.३८ वरून २४.८० किलोमीटरवर गेले. या वाढीत इंजिनाचा एक सिलिंडर कमी झाल्यामुळे घटलेल्या घर्षणाचाही वाटा आहे, तरी उंच आणि सुटसुटीत ज्वलनकक्ष हे त्यातील मोठे कारण आहे.

फॉर्म्युला वनही या नियमाला अपवाद राहिले नाही. २०१४ पासूनच्या १.६ लिटरच्या टर्बो व्ही६ इंजिनांना नियमानेच ८० मिमी बोअर ठरवून दिला गेला, म्हणजे स्ट्रोक ५३ मिमीच्या आसपास आला, आणि ताशी १०० किलोपेक्षा जास्त इंधन वापरायचे नाही असे बंधन घातले गेले. इंधनच मोजून मिळणार असेल तर क्षेत्रफळ वाढवून उपयोग नाही. मिळालेल्या इंधनातून जास्तीत जास्त काम काढणे हाच विषय उरतो. टर्बो असला की सिलिंडर दाबाने भरता येतो, त्यामुळे मोठ्या व्हॉल्व्हची निकड कमी होते. आजच्या टर्बो गाड्यांमध्ये लहान बोअर आणि लांब स्ट्रोक सर्रास दिसतात ते यासाठी.

कधीकधी भूमिती ठरवणारे कारण इंजिनाच्या बाहेरच असते. इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत मोटारीवरील कर बोअरचा वर्ग आणि सिलिंडरांची संख्या यांवरून काढला जाई, स्ट्रोक त्यात मोजलाच जात नसे. परिणामी तिथल्या छोट्या गाड्या वर्षानुवर्षे अरुंद बोअरच्या आणि लांब स्ट्रोकच्या राहिल्या. दुसरे उदाहरण ऑडीच्या आरएस४ मधील ४.२ लिटरच्या व्ही८ चे. त्याचा बोअर ८४.५ मिमी आणि स्ट्रोक ९२.८ मिमी, म्हणजे उघडउघड लाँग स्ट्रोक, आणि तरीही ते ८,२५० आरपीएमपर्यंत जाते. पिस्टनचा सरासरी वेग २५.५ मीटर होतो. दोन सिलिंडरांच्या मध्यांमधील अंतर ९० मिमी असल्यामुळे दोन बोअरच्या मध्ये जेमतेम साडेपाच मिलिमीटर भिंत उरते. बोअर वाढवायला जागाच नव्हती. लाँग स्ट्रोकचे इंजिन उच्च फेऱ्यांवर जाऊच शकत नाही असे जे म्हणतात, त्यांना हे एक उदाहरण पुरे आहे. ते जाते, पण त्याचे पिस्टन, रॉड आणि बेअरिंगे त्यासाठी मोठ्या खर्चाने तयार केलेली असतात.

स्ट्रोक वाढवण्याच्या इतर तोट्यांविषयी थोडक्यातच सांगतो. थ्रो वाढला की क्रँकची मेन जर्नल (ब्लॉकमधील बेअरिंगात फिरणारा भाग) आणि क्रँकपिन (रॉड बसतो तो भाग) समोरून पाहिल्यास जितक्या एकमेकींवर येतात तो भाग कमी होतो, आणि क्रँक पिळाला आणि वाकण्याला कमजोर पडतो. रॉडची लांबी तीच राहिली तर तो अधिक तिरपा होतो, पिस्टन भिंतीवर अधिक दाबला जातो, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात दुप्पट वारंवारतेची थरथर वाढते. ब्लॉक उंच करावा लागतो किंवा पिस्टनची पिन वर सरकवावी लागते. मोठ्या बोअरने याउलट इंजिन लांब होते, आणि बॉनेटखाली आडव्या बसणाऱ्या इंजिनात लांबी ही सर्वांत महाग वस्तू आहे.

आता तुमच्या एस्टीमकडे येतो. मूळ स्थितीत हे इंजिन ६,००० आरपीएमला सुमारे ८५ हॉर्सपॉवर देते. त्या वेळी पिस्टनचा सरासरी वेग असतो सुमारे १५.१ मीटर. ट्रॅकसाठी ७,५०० पर्यंत नेले तरी तो १८.९ च होतो. वर दिलेल्या २४ च्या आकड्यांशी ताडून पाहिले तर तुमच्या इंजिनाला स्ट्रोकची अडचण कुठेच नाही हे कळेल. ते ६,००० नंतर मंदावते ते श्वास अपुरा पडतो म्हणून. त्यामुळे पहिला खर्च हेडवर करावा: पोर्टमधील कास्टिंगच्या कडा आणि व्हॉल्व्ह सीटखालचा भाग नीट करणे, तीन कोनांत सीट कापणे, योग्य कॅम, त्याला साजेशा स्प्रिंगा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि शेवटी ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग. पोर्ट नुसते मोठे करत सुटू नये. हवेचा वेग पडला तर ट्रॅकच्या वळणातून बाहेर पडताना गाडी मेल्यासारखी होते.

त्यानंतरही सीसी वाढवायचे असतील तर दोन मार्गांची तुलना करू. बोअर ७४ चा ७५ केला तर १,३३४ सीसी होतात. दुसरीकडे क्रँकपिन मध्यापासून बाहेरच्या बाजूला सरकवून ग्राइंड केली, तर पिनचा व्यास २ मिमीने कमी करून थ्रो १ मिमीने, म्हणजे स्ट्रोक २ मिमीने वाढवता येतो. ७४ बाय ७७.५ चे १,३३३ सीसी होतात. कागदावर दोन्ही मार्ग सारखेच दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या मार्गात पिस्टनचे क्षेत्रफळ २.७ टक्क्यांनी वाढते, व्हॉल्व्हना थोडी मोकळीक मिळते आणि क्रँक शाबूत राहतो. दुसऱ्या मार्गात क्षेत्रफळ तेवढेच राहते, पिन बारीक होते, तिची कडक केलेली कातडी ग्राइंडिंगमध्ये निघून जाते, कोपऱ्यातील गोलाई राखणे अवघड होते आणि नवे रॉड, नवी बेअरिंगे व वेगळ्या उंचीचे पिस्टन शोधावे लागतात. शहरात ऑफसेट ग्राइंडिंग करून देणारे कुशल कारागीर आहेत, पण करता येते म्हणून करावे असे हे काम नाही. ईएन २४ या पोलादाच्या सळईतून नवा क्रँक काढून नायट्रायडिंग (पृष्ठभाग कडक करणे) आणि बॅलन्सिंग करण्याचा हट्ट कोणी धरला, तर त्याचा खर्च तुमच्या गाडीच्या आजच्या किमतीला मागे टाकेल. त्यापेक्षा त्याच कुळातील, जुन्या बलेनोमध्ये येणारे ७५ बाय ९० चे १,५९० सीसीचे इंजिन बसवणे शहाणपणाचे. मात्र त्याने स्पर्धेतील गट बदलू शकतो, म्हणून देशातील मोटारस्पर्धांचे नियमन करणाऱ्या एफएमएससीआय या संस्थेचे त्या वर्षीचे नियम आणि तुमच्या गटाची सीसीची मर्यादा आधी वाचावी. ही मर्यादा बोअर वाढवतानाही लागू होतेच.

बोअरिंगबाबत काही खबरदाऱ्या. या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि आतील लाइनर बिडाचे आहेत. ७५ मिमी हा बोअर या कुळात कंपनीनेच वापरलेला असल्यामुळे तो धाडसाचा नाही, पण त्यापुढे जाऊ नये. कापण्याआधी चारही लाइनरची जाडी अल्ट्रासोनिक गेजने, वर, मध्ये आणि खाली, विशेषतः पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो तिथे मोजून घ्यावी. संपूर्ण बिडाचा ब्लॉक असता तर ही मोजणी अधिकच आवश्यक ठरली असती, कारण ओतकामात कोअर थोडा सरकला तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ होते; शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. होनिंग करताना हेडच्या जागी जाड प्लेट, वापरणार आहात तीच गॅस्केट घालून, ठरलेल्या टॉर्कने आवळलेली असावी. हेडचे बोल्ट आवळल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक किंचित हलतो आणि मोकळ्या अवस्थेत गोल केलेला बोअर प्रत्यक्षात गोल राहत नाही.

गॅस्केटचे भोक ७५ पेक्षा मोठे असल्याची खात्री करावी. तिची कड सिलिंडरमध्ये डोकावली तर ती तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. अशाने पिस्टनला भोक पडायला ट्रॅकची एक फेरी पुरते. बोअर वाढला आणि हेड तेच राहिले की कॉम्प्रेशन रेशोही थोडा वाढतो, तो ब्युरेटने कक्षाचे सीसी मोजून नव्याने काढावा आणि मगच इग्निशनचे टायमिंग ठरवावे. आणि पिस्टन प्रत्यक्ष हातात येईपर्यंत ब्लॉक बोअरिंगला देऊ नये: फोर्ज्ड पिस्टन कास्ट पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून त्याला भिंतीपासून जास्त मोकळीक लागते. ती किती हे पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर लिहिलेले असते. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याचा बोअर त्याच्यापुरता होन करावा आणि पिस्टनवर सिलिंडरचा क्रमांक टाकून ठेवावा.